गुप्तरोग आणि गृहस्थाश्रम

ज्या विषयाचें नांव निघतांच घरांतील वडील मंडळी पान उलटतात, सासू सुनेला पाणी आणावयास धाडते आणि मुलांना अंगणांत पिटाळलें जातें, त्या विषयावर आज आम्ही लिहिणार आहों. आमचा अंक घरांत आजोबांपासून नातीपर्यंत सर्वांच्या हातीं जातो, हें आम्ही विसरलों नाहीं. किंबहुना म्हणूनच लिहीत आहों. गुप्तरोग हा शब्द कागदावर उतरवितांना आमचीहि लेखणी प्रथम अडखळली. परंतु गेल्या वर्षीं माघ महिन्यांत वऱ्हाडांत जें पाहिलें, त्यानंतर हा संकोच बाळगणें आम्हांला बरें वाटेना.

वाशीम जिल्ह्यांत, मंगरूळपीर तालुक्यांत शेलूबाजार म्हणून गांव आहे. कारंज्याहून मालेगांवकडे जाणारी जुनी वाट ह्याच गांवावरून जाते, आणि आतां नागपूर-मुंबई समृद्धि महामार्गावर चढण्या-उतरण्याची सोयहि येथें झाली आहे. ७०१ किलोमीटर लांबीच्या ह्या मार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला. आजूबाजूस कापूस, तूर, सोयाबीन. शेतीवर सर्वांचें भागत नाहीं, म्हणून शिकलेला मुलगा पुण्या-मुंबईस जातो, न शिकलेला ट्रकवर चढतो, आणि दोघांच्याहि बायका पुष्कळदां घरींच राहतात. रस्ता माणसांना नेतो व परत आणतो. सोबत काय येतें, तें कोणी विचारीत नाहीं.

त्या भागांत एका स्नेह्यांच्या घरीं आम्ही उतरलों होतों. तें घर ऐन शेलूबाजारांत कीं तेथून दोन-तीन कोसांवर, हें आम्ही सांगणार नाहीं, आणि तपशिलांतहि ओळख पटूं नये इतका फेर केला आहे. मंडळींनीं हा मजकूर वाचून पाहिला व छापण्यास संमति दिली, एवढें सांगणें पुरे. घर एकत्र कुटुंबाचें, रोज चौदा पानें. घरच्या काकू पूर्वीं शाळेंत शिक्षिका होत्या. धाकटे चिरंजीव अभियंते. लग्नापूर्वीं तीन वर्षें परप्रांतांत एका मोठ्या बांधकामाच्या छावणीवर राहिलेले. लग्नास वर्ष झालेलें, आणि धाकट्या सूनबाईंना चौथा महिना.

गरोदरपणांत रक्ताच्या ज्या नेहमींच्या तपासण्या होतात, त्या त्यांच्याहि झाल्या. रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, एच. आय. व्ही., 'ब' जातीची कावीळ, आणि उपदंश म्हणजे सिफिलिस. ह्या शेवटच्या तपासणीचा निकाल दोषयुक्त आला. परिचारिकाबाईंनीं हळूच सांगितलें, "यजमानांना घेऊन या." सूनबाईंनीं तो कागद घडी करून शालूच्या पेटींत ठेवला आणि बारा दिवस कोणाजवळ अवाक्षर काढलें नाहीं. तेराव्या दिवशीं थोरल्या जाऊबाई हळदीकुंकवासाठीं शालू काढावयास गेल्या, तेव्हां तो त्यांच्या हातीं लागला.

त्या संध्याकाळीं माजघरांत आम्हीहि होतों. काकूंनीं चष्मा लावून कागद दोनदां वाचला आणि म्हणाल्या, "हें आपल्या घरांत आलं कुठून?" प्रश्न कोणालाच उद्देशून नव्हता, पण माजघरांतील सगळे डोळे एकाच दिशेस वळले. धाकट्या सूनबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. थोरल्या सूनबाई म्हणाल्या, "आई, ती तर माहेरची उठली ती ह्याच घरांत आली. विचारायचंच तर भाऊजींना विचारा." काकू बराच वेळ बोलल्या नाहींत. मग त्यांनीं तारीख पाहण्यासाठीं भिंतीवरील दिनदर्शिका काढली आणि विचारलें, "डॉक्टर सकाळीं किती वाजतां भेटतात?"

त्या दोन प्रश्नांमधल्या स्तब्धतेत कित्येक संसार मोडले आहेत. म्हणून ह्या रोगाची हकीकत नीट समजून घेणें अवश्य आहे.

उपदंशाचा जंतु मळसूत्रासारखा वळणांचा असतो. १९०५ सालीं शौडिन व हॉफमन ह्या जर्मन संशोधकांनीं तो सूक्ष्मदर्शकाखालीं ओळखला. संसर्ग झाल्यावर साधारणतः तीन आठवड्यांनीं त्या जागीं एक कठीण व्रण उठतो. तो दुखत नाहीं, आणि हीच त्याची लबाडी. तीन ते सहा आठवड्यांत तो औषधावांचूनहि बुजतो. मनुष्यास वाटतें, सुटलों. ज्या कोणी पुडी दिली असेल त्याची ख्याति होते. पुढें कांहीं आठवड्यांनीं तळहातांवर, तळपायांवर पुरळ येतो, बारीक ताप येतो, तेंहि मावळतें. मग वर्षानुवर्षें कांहींच दिसत नाहीं. रक्तांत मात्र तो असतो, आणि कित्येकांत पुढें हृदय, मोठ्या रक्तवाहिन्या, मेंदू ह्यांवर घाला घालतो. गर्भवतीच्या रक्तांतून तो वारेवाटे गर्भापर्यंत पोंचतो. उपचार न झाल्यास गर्भपात, मृत मूल, किंवा जन्मतःच रोगी मूल, हें त्याचें फळ. आपल्याकडील कित्येक घरांतून 'मूल जगत नाहीं' म्हणून नवससायास झाले; त्यांपैकीं किती ठिकाणीं हा जंतु होता, तें आतां कोण सांगणार?

ह्याच्या नांवाचा इतिहास मौजेचा आहे. सोळाव्या शतकांत भावमिश्रानें आपल्या 'भावप्रकाशा'त ह्यास फिरंगरोग म्हटलें, म्हणजे फिरंग्यांबरोबर आलेला. तिकडे इटलींतले लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत आणि फ्रेंच लोक नेपल्सचा. प्रत्येकानें तो शेजाऱ्याच्या नांवावर खपविला. आमच्या मतें घरांतहि हाच न्याय चालतो. दोष नेहमीं बाहेरून आलेल्याचा, आणि आपल्या घरांत बाहेरून आलेली म्हणजे सून. मराठींत ह्या रोगास गरमी व पूयप्रमेहास परमा म्हणतात, आणि हीं नांवें आपल्या आजोबा-पणजोबांस चांगलीं ठाऊक होतीं. तीं ओवळीं ठरलीं तीं केवळ बायकांसमोर.

सुनेवर दोष ठेवण्यापूर्वीं पुण्यांत काय आढळलें, तें पाहावें. तेथील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या संशोधकांनीं १९९३ ते १९९६ ह्या काळांत गुप्तरोगांच्या दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रियांची तपासणी केली. त्यांत वेश्याव्यवसाय न करणाऱ्या ३९१ स्त्रिया होत्या, बहुतेक विवाहित आणि पतीवांचून अन्य पुरुष न जाणणाऱ्या. त्यांच्यापैकीं जवळजवळ १४ टक्के स्त्रियांना एच. आय. व्ही. ची बाधा झालेली आढळली. १९९७ सालीं हा निबंध अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकांत छापला गेला, तेव्हां पुष्कळांस धक्का बसला. पातिव्रत्य हें ज्यांना कवच वाटत होतें, त्यांच्या ध्यानांत आलें कीं ह्या बाबतींत कवच दोघांनीं मिळून घालावें लागतें.

आणि दुसरी गोष्ट गडचिरोलीची, म्हणजे आपल्याच विदर्भांतली. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांचे सहकारी ह्यांनीं त्या जिल्ह्यांतील वसा आणि अमिर्झा ह्या दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. दवाखान्यांत आलेल्या रोगिणी नव्हेत, गांवांतल्या साध्या बायाबापड्या. शंभरांपैकीं ९२ स्त्रियांना स्त्रीरोग वा जननेंद्रियांचा कांहीं ना कांहीं विकार निघाला, आणि ह्या विकारांत निम्मा वांटा जंतुसंसर्गाचा होता. त्यांपैकीं पूर्वीं कधीं डॉक्टरांकडून तशी तपासणी करून घेतलेल्या स्त्रिया शंभरांत केवळ आठ. जानेवारी १९८९ मध्यें 'लॅन्सेट' ह्या इंग्रजी वैद्यक साप्ताहिकांत हें प्रसिद्ध झालें आणि साऱ्या जगाच्या वैद्यांना दखल घ्यावी लागली. आमचे कांहीं वाचक म्हणतील, तीं अशिक्षित खेडीं. आम्ही एवढेंच विचारतों, आपल्या घरांतील किती सुशिक्षित स्त्रियांनीं अंगावरून जाण्याची तक्रार डॉक्टरांना वेळेवर सांगितली आहे?

येथें एक खुलासा करणें अगत्याचें आहे, कारण अर्धवट ज्ञानानेंहि घरें पेटतात. अंगावरून पांढरें जाणें म्हणजे गुप्तरोग नव्हे. पाळीच्या मध्यंतरीं किंवा गरोदरपणांत थोडा स्राव स्वाभाविक असतो. खाज सुटून दह्यासारखा स्राव जातो, तो बहुधा बुरशीचा प्रकार. मधुमेही बाईला किंवा जंतुनाशक औषधांचा कोर्स झालेल्या बाईला तो पतीशीं कांहीं संबंध नसतां होतो. उलट पूयप्रमेह आणि क्लॅमिडिया ह्या दोन रोगांत स्त्रीला पुष्कळदां कांहींच जाणवत नाहीं, आणि जंतु आंतल्या आंत गर्भनलिका बुजवून टाकतात. पुढें मूल होत नाहीं म्हणून बोल तिलाच. तेव्हां लक्षणांवरून सासूबाईंनीं निदान करूं नये. तें काम तपासणीचें. उपदंशाच्या पहिल्या तपासणींतहि कधीं कधीं इतर कारणांनीं खोटा दोष दिसतो, म्हणून दुसऱ्या प्रकारच्या तपासणीनें खात्री करून घेतात. आमच्या स्नेह्यांकडे ती केली. दोष खरा निघाला.

मग शनिवारीं चिरंजीव आले. वडिलांपुढें त्यांची मान वर होईना. काकूंनीं उलटतपासणी केली नाहीं. डॉक्टरांपुढें एकटे बसूं दिलें. लग्नापूर्वीं कांहीं महिने व्रण उठला होता, छावणीजवळच्या एका इसमानें गोळ्या दिल्या, व्रण गेला, आणि हे निश्चिंतपणें बोहल्यावर चढले. असे इसम सर्वत्र आहेत. एस. टी. च्या खिडकींतून भिंतींवर रंगविलेल्या त्यांच्या जाहिराती आपण सर्वच वाचतों आणि मुलानें अर्थ विचारल्यास विषय बदलतों. पण जो मुलगा घरांत विचारूं शकत नाहीं, तो त्या भिंतीवरचाच पत्ता शोधीत जाणार. त्याला अर्धीमुर्धी मात्रा मिळते, रोग दबतो. आणि पूयप्रमेहाच्या बाबतींत तर अशा अर्ध्या औषधोपचारांनीं जंतु इतके निर्ढावले आहेत कीं एकेकाळचीं रामबाण औषधें आतां त्यांना लागू पडत नाहींत.

उपदंशाचा जंतु मात्र अद्याप पेनिसिलिनपुढें नमतो. १९४३ सालीं अमेरिकेंत डॉ. महोनी ह्यांनीं तें प्रथम ह्या रोगावर वापरलें. त्यापूर्वींच्या पिढ्यांनीं पारा खाल्ला, दांत गमावले, १९१० नंतर एरलिकच्या '६०६' नंबरी सोमलयुक्त सुया टोंचून घेतल्या. आतां बेन्झाथीन पेनिसिलिनचें २४ लाख युनिटांचें इंजेक्शन पुरतें. रोग नवा असेल तर एकदांच, आणि किती दिवसांचा हें निश्चित नसेल तर आठवड्याच्या अंतरानें तीनदां. गर्भवतीस व गर्भास उपयोगी पडणारें खात्रीचें औषध हेंच, आणि प्रसूतीपूर्वीं निदान महिनाभर तें सुरू झालेलें असावें लागतें. औषध दोघांनाहि हवें. एकट्या बाईला दिलें तर पुन्हां तोच फेरा. किंमत क्षुल्लक, शासकीय रुग्णालयांत तेंहि द्यावें लागत नाहीं. जिल्हा रुग्णालयांतून 'सुरक्षा क्लिनिक' ह्या नांवाचा विभाग असतो, तो ह्याच रोगांसाठीं. १०९७ ह्या क्रमांकावर दूरध्वनीनें, नांव न सांगतां व पैसे न पडतां माहिती मिळते.

हे रोग कसे पसरत नाहींत, हेंहि सांगितलें पाहिजे, कारण एका घरीं ह्याच भीतीनें सुनेचें ताट-वाटी निराळें काढलेलें आम्हीं ऐकलें आहे. एका पंक्तींत जेवल्यानें, कपडे एकत्र धुतल्यानें, एकाच शौचकूपानें, लेंकरूं मांडीवर घेतल्यानें ते होत नाहींत. होतात ते शरीरसंबंधानें, आईपासून मुलाला, आणि कांहीं रोगांत दूषित रक्त किंवा सुईनें. बचावाचा मार्ग फार गूढ नाहीं. एकमेकांशीं निष्ठा आणि तिच्या जोडीला दोघांचीहि तपासणी. जेथें खात्री नाहीं तेथें निरोध. आपल्याकडे १९६८ पासून तो ह्या नांवानें मिळूं लागला आणि कुटुंबनियोजनाच्या पाटीखालीं घराघरांत पोंचला. पण त्याचें हें दुसरें काम सांगतांना आजहि लोक दबकतात.

रघुनाथ धोंडो कर्वे दबकले नाहींत. महर्षि कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव विल्सन कॉलेजांत गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ सालीं त्यांनीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें. कॉलेजच्या चालकांस तें रुचलें नाहीं, तेव्हां नोकरी सोडली, काम सोडलें नाहीं. 'गुप्तरोगांपासून बचाव' ह्या नांवाचें पुस्तक त्यांनीं लिहिलें आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविलें, तें १९५३ सालीं त्यांचा अंत होईपर्यंत. अश्लीलतेबद्दल त्यांच्यावर खटले झाले. १९३१ च्या खटल्यांत शंभर रुपये दंड झाला, आणि १९३४ च्या खटल्यांत त्यांची बाजू मांडावयास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. त्या काळीं आपल्या पांढरपेशा घरांतून हें मासिक उशीखालीं ठेवून वाचीत, आणि दिवाणखान्यांत त्याची निंदा करीत. कर्व्यांचीं सर्व मतें आम्हांस मान्य नाहींत. त्यांचा सूर कित्येकदां विनाकारण बोंचरा होता, असें वाटतें. पण रोगाला लाज नसते, मग त्याच्या माहितीला कां असावी, हा त्यांचा आग्रह खोटा नव्हता.

आतां ज्या आजारांना कोणीहि गुप्तरोग म्हणणार नाहीं, अशा एकाकडे वळूं. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग. ह्याचें मूळ जवळजवळ सर्वस्वीं एच. पी. व्ही. नांवाच्या विषाणूंत असतें, आणि तो शरीरसंबंधानेंच येतो. इतका सर्वत्र पसरलेला आहे कीं त्याची बाधा झाली म्हणून कोणाच्याहि चारित्र्याविषयीं कांहीं सिद्ध होत नाहीं. बहुतेकांत तो आपोआप नाहींसाहि होतो. ज्या थोड्या स्त्रियांत तो ठाण मांडतो, त्यांच्यांत पंधरा-वीस वर्षांनीं कर्करोग उद्भवतो. मराठवाड्यांतील तेव्हांच्या उस्मानाबाद, आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांत १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांना घेऊन मोठा प्रयोग झाला. टाटा स्मारक केंद्र व बार्शीचें कर्करोग रुग्णालय त्यांत होतें. ३० ते ५९ वर्षांच्या ज्या स्त्रियांची ह्या विषाणूसाठीं आयुष्यांत एकदांच तपासणी झाली, त्यांच्या गटांत ह्या कर्करोगाचे मृत्यु तपासणी न झालेल्या गटाच्या मानानें सुमारें निम्मे भरले. एका तपासणीनें! पुण्याच्या सीरम संस्थेनें ह्या विषाणूवरील देशी लस काढली असून २०२२ सालीं तिला परवानगी मिळाली. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना ती सर्वांत गुणकारी, कारण विषाणूशीं गांठ पडण्यापूर्वींच ती द्यावयाची असते. 'एवढ्याशा पोरीला ह्या रोगाची लस कशाला' असें एका सुशिक्षित आजोबांनीं आम्हांला विचारलें. गोंवराची लस देतांना त्यांना असा प्रश्न पडला नव्हता. 'ब' काविळीची लस तर आतां बाळाला जन्मतांच चोवीस तासांच्या आंत टोंचतात, आणि ती कावीळहि शरीरसंबंधानें पसरणाऱ्यांपैकींच आहे.

लग्नापूर्वीं रक्त तपासावें कीं काय, असें आम्हांला पुष्कळ विचारतात. आमचें मत असें कीं दोघांनीं आपखुषीनें तपासावें. मुलीकडच्यांनींच कागद आणावा आणि मुलाकडच्यांनीं तो पाहावा, हा प्रकार मुळींच नको. सक्ति तर कोणावरच करतां येत नाहीं, एच. आय. व्ही. च्या बाबतींत २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आहे, त्याप्रमाणें संमतीवांचून तपासणी आणि निकालाची वाच्यता दोन्ही निषिद्ध. शिवाय कागद त्या दिवसापुरताच बोलतो. अगदीं अलीकडचा संसर्ग त्यांत उतरत नाहीं. आपण नाडी-गण जुळविण्यांत चार संध्याकाळी घालवितों, त्यांतली अर्धी संध्याकाळ ह्याला दिली तरी पुष्कळ. आणि एखाद्याचा निकाल दोषयुक्त निघालाच, तर उपदंश, पूयप्रमेह, क्लॅमिडिया हे पुरते बरे होतात. एच. आय. व्ही. बरा होत नाहीं, पण १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून त्याचें औषध विनामूल्य मिळूं लागलें, आणि नेमानें घेऊन रक्तांतील विषाणु तपासणींत न सांपडण्याइतके कमी झाले म्हणजे शरीरसंबंधांतून जोडीदारास बाधा होत नाहीं, हें आतां सिद्ध झालें आहे.

त्या घरांत पुढें काय झालें, तें सांगावयाचें राहिलें. तीन सोमवारीं काकू स्वतः मुलाला व सुनेला घेऊन गेल्या. दिनदर्शिकेवर त्या सोमवारांना त्यांनीं तांबड्या शाईनें खूण केली होती, आणि शेजारपाजारीं 'सूनबाईंना रक्त कमी, म्हणून सुई' इतकेंच सांगितलें. हें खोटें बोलणें आम्हांला मुळींच खटकलें नाहीं. पहिल्या सुईनंतर रात्रीं चिरंजीवांना थंडी वाजून ताप आला; डॉक्टरांनीं तशी कल्पना अगोदर दिली होती, म्हणून धावाधाव झाली नाहीं. नवरा-बायकोंत मात्र बोलणें कित्येक दिवस थांबलें होतें. सूनबाई चार दिवसांसाठीं म्हणून माहेरीं गेल्या, त्या महिनाभर आल्या नाहींत. काकूंनीं बोलावणें धाडलें नाहीं. मुलालाच पाठविलें, आणि 'ती काय बोलेल तें ऐकून घे' असें बजावलें. तो तेथें तीन दिवस राहिला. काय बोलणें झालें, तें कोणी विचारलें नाहीं आणि आम्हांलाहि ठाऊक नाहीं.

आषाढांत मुलगी झाली. जन्मतांच तिचें रक्त तपासलें, त्यांत थोडा दोष दिसला. घरांत पुन्हां काळजी पसरली, तेव्हां डॉक्टरांनीं समजाविलें कीं आईच्या रक्तांतील प्रतिद्रव्यें बाळाकडे उतरतात, तीं कांहीं महिन्यांत विरतात. दर दोन-तीन महिन्यांनीं तपासून मात्र पाहावयाचें. आश्विनांत काकूंचें पत्र आलें. दुसऱ्या तपासणींत दोष अगदीं नाममात्र उरला आहे, तिसरी दिवाळीनंतर आहे. मुलगी पालथी पडूं लागली आहे, आणि धाकट्या सूनबाईंनीं तुमच्या लेखाची प्रत दोन मागविली आहे, एक माहेरीं धाडावयाची म्हणते.